टॉवेलबाईंची आठ मिनिटं

टॉवेलबाईंना टॉवेलबाई म्हटलेलं आवडत नाही, असं त्या स्वतः सांगायच्या. पण ते काही खरं नव्हतं. किनाऱ्यावरच्या सोळा हॉटेलांत त्यांना याच नावानं ओळखत, आणि कुणी नवखा चुकून 'मॅडम' म्हणालाच तर बाईंचा चेहरा जरासा उतरायचा. मॅडम काय, पैशाला पासरी मिळतात. टॉवेलबाई एकच होती.

एकोणिसाव्या वर्षी त्या समुद्राकाठच्या एका हॉटेलात खोल्या आवरायला लागल्या. हाताला चलाख, जिभेला त्याहून चलाख. चादरीवर एक सुरकुती दिसली की यांच्या कपाळावर चार आठ्या. नवरा शिंपी. सरळ माणूस. दिवसभर मशीनवर मान खाली घालून बसायचा आणि संध्याकाळी एखादाच विनोद करायचा, पण असा की बाई पुढं दोन दिवस धुसफुसत राहायच्या. "हिला स्वर्गात नेऊन सोडलं ना," तो म्हणायचा, "तरी आधी मागचा दरवाजा कुठाय ते विचारेल." आता यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? सिनेमाला गेल्या तरी बाईंची नजर पडद्याआधी दारांवर जायची. पाहुणी म्हणून कुणाकडे गेल्या की चहा यायच्या आत जिना बघून यायच्या.

ही खोड त्यांना लागली एका लाटेमुळं. बाई तेव्हा एकतीस वर्षांच्या. लांब समुद्रात कुठंतरी भूकंप झाला, इकडं भोंगा वाजला आणि हॉटेलात एकच पळापळ उडाली. तळमजल्यावरच्या खोल्या चौघांनी मिळून बघितल्या. म्हणजे काय केलं, तर काही खोल्या तीन-तीनदा बघितल्या आणि कोपऱ्यातली एक कुणीच बघितली नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं बघितली असेल. पाणी ओसरल्यावर त्या खोलीतली म्हातारी कपाटाच्या माथ्यावर सापडली. दाराची कडी अडकली होती, ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. जीव वाचला हे नशीब. बाईंनी तिला उतरवायला हात पुढं केला तर तिनं तो झिडकारला. "तुमच्या पायांचे आवाज येत होते मला," ती म्हणाली. "माझ्या दारावरून गेलात. तीनदा गेलात."

बाईंना त्यानंतर महिनाभर धड झोप नाही. आणि मग एके दिवशी खोली आवरता आवरता त्यांना ते सुचलं. सुचलं म्हणजे किती साधं! खोलीत जायचं. हाक मारायची. पलंगापलीकडं बघायचं, गॅलरी बघायची, सगळ्यात शेवटी बाथरूममध्ये जायचं आणि तिथला, लक्षात ठेवा, तिथलाच, एक टॉवेल उचलून बाहेर दाराच्या मुठीला अडकवायचा. टॉवेल दिसला की खोली रिकामी. मागून येणाऱ्यानं आत जायचं नाही, वेळ घालवायचा नाही. आणि बाथरूममध्ये पाय टाकल्याशिवाय टॉवेल हाताला लागणारच नाही, त्यामुळं नुसतं दारातून डोकावून "बघितली हो" म्हणायची कुणाला सोयच नाही. कामचुकार माणसाची नस बाईंना पक्की ठाऊक होती. त्यांनी स्वतः दहा वर्षं कामचुकारांबरोबर चादरी बदलल्या होत्या.

हा नियम एका हॉटेलातून दुसऱ्यात गेला. मग पर्यटन कार्यालयानं तो उचलला, पुस्तिका छापली, आणि बाईंना खोल्या आवरायच्या कामातून काढून हॉटेलांना शिकवायला फिरवायला सुरुवात केली. लाट आली तर, वादळ आलं तर, डोंगरावरची माती खाली आली तर काय करायचं. कंदील कुठं ठेवायचे, म्हाताऱ्या पाहुण्यांची यादी कुणाकडं असायची, टेकडीवर कुठल्या वाटेनं न्यायचं. तीन महिन्यांनी एकदा सराव. एका मजल्याला आठ मिनिटं, असं पुस्तिकेत लिहिलेलं. आठात मजला रिकामा झाला तर हॉटेलाच्या दारावर हिरवी पाटी लागायची, आणि प्रवासी कंपन्या हिरव्या पाटीशिवाय पाहुणेच पाठवायच्या नाहीत. त्यामुळं बाई दारात दिसल्या की मोठेमोठे मॅनेजर खुर्ची सोडून उठायचे. बाईंना त्याचं सुख नव्हतं असं कोण म्हणेल!

आता छोटीचं सांगायला हवं. छोटी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर बारा वर्षांची होती. बाईंना मूलबाळ नव्हतं. पोर कुठं राहणार हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. एक पेटी आणि एक चप्पलजोड घेऊन छोटी घरात आली आणि घरचीच झाली. सव्विशीत गेली, मावशीपेक्षा वीतभर उंच झाली, तरी छोटीच. मावशीनं तिला पलंग कसा लावायचा ते घरच्या पलंगावर शिकवलं. पुढं तिला 'मोठ्या हॉटेलात' चिकटवलं. किनाऱ्यावरचं ते सगळ्यात मोठं, म्हणून सगळे त्याला तसंच म्हणायचे. पाच वर्षांत पोरगी तळमजल्याची प्रमुख झाली. वीस खोल्या तिच्या हाताखाली. मोठ्या हॉटेलाचा मॅनेजर, कडक इस्त्रीचा, गोड जिभेचा माणूस, बाईंना म्हणायचा, "तुमची भाची म्हणजे दुसऱ्या तुम्हीच हो." बाई वरवर "काहीतरीच काय" म्हणायच्या आणि घरी येऊन नवऱ्याला तेच वाक्य तीनदा ऐकवायच्या.

त्या दिवशी बाई मोठ्या हॉटेलातच होत्या. सकाळचे अकरा वाजले होते, पाहुण्यांची निघायची वेळ. बाई मॅनेजरच्या खोलीत चहा घेत सरावाची तारीख ठरवत होत्या, आणि भोंगा वाजला. सरावाचा नव्हे. कार्यालयाचा, लांबलचक, न थांबणारा. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी मात्र कप खाली ठेवला, घड्याळ बघितलं आणि उठल्या. इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते आज करायचं होतं.

आणि काय सांगू, सगळं कसं झरझर झालं! वरचे दोन मजले उतरले. दिवाणखान्यातले पाहुणे टेकडीच्या पायऱ्यांकडं लागले. तळमजल्यावरून छोटीची शिट्टी आली: मजला रिकामा. बाईंनी घड्याळ बघितलं, सात मिनिटं. शेवटची फेरी म्हणून त्या स्वतः तळमजल्यावरून चालत गेल्या. वीस दारं, वीस मुठी, वीस पांढरे टॉवेल. कोपऱ्यातल्या खोलीवरसुद्धा. बाईंचा ऊर भरून आला. माझी पोरगी, त्या मनात म्हणाल्या, माझी पोरगी ती!

टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळ सपाट जागा होती, तिथं सगळे जमले. बाई माणसं मोजत होत्या. तेवढ्यात साठी उलटलेल्या एका काकू गर्दीतून वाट काढत आल्या. "माझे हे कुठं दिसत नाहीत," काकू म्हणाल्या. "मी काउंटरवर आमची ओळखपत्रं परत घ्यायला आले होते. ते अंघोळीला गेले होते. मी सांगितलं तिथल्या मुलाला, तर तो म्हणाला, मजल्यावरची माणसं काढतायत सगळ्यांना, तुम्ही पुढं व्हा."

"खोली कितवी?"

"अकरा."

बाईंनी अकरा नंबरचं दार पाचच मिनिटांपूर्वी बघितलं होतं. "काकू, घाबरू नका. अकरावर टॉवेल लागलाय. टॉवेल लागला म्हणजे खोली रिकामी, ते बाहेर पडलेत. दुसऱ्या वाटेनं वरच्या बाजूला असतील."

"त्यांना ऐकू येत नाही हो. अंघोळीला जाताना कानातलं यंत्र काढून ठेवतात. मी एकदा बघून येते. ही काय, खालीच तर आहे."

काकू पायऱ्यांकडं वळल्या आणि बाईंनी त्यांचा हात धरला. चांगला घट्ट धरला. इतकी वर्षं त्यांनी सगळ्यांना हेच शिकवलं होतं: वर आलेला माणूस पुन्हा खाली जाऊ द्यायचा नाही. काकू सोडवून घ्यायला बघत होत्या, बाई सोडत नव्हत्या. "ऐका माझं," त्या म्हणत होत्या, "मी माझ्या डोळ्यांनी टॉवेल बघितलाय."

माणसं दोनदा मोजून झाली. एक कमी भरला. तोवर समुद्र आत यायला लागला होता.

पाणी पुरुषभर चढलं. तासाभरानं उतरलं. खाली सगळ्यात आधी बाई गेल्या, चिखलातून, भिंतीला हात लावत. अकरा नंबरच्या मुठीला टॉवेल अजून तसाच अडकलेला होता, चिखलानं माखलेला. काका बाथरूममध्ये होते. बाथरूमचं दार बाहेर उघडणारं; पाणी भरल्यावर ते आतून ढकललं जाईना. त्यांच्या कानातलं यंत्र आरशाखालच्या फळीवर सापडलं. पुढचं मी सांगत नाही.

मग बाईंची नजर बाथरूमच्या दांडीवर गेली. खोली आवरणाऱ्या बाईची नजर ती, मेल्यावरच जायची. दांडीवर दोन टॉवेल होते. दर खोलीला मोठे टॉवेल दोनच देतात. दोन आत, आणि एक बाहेर मुठीला? तिसरा आला कुठून?

त्या बारा नंबरमध्ये गेल्या. दोन आत, एक बाहेर. तेरा नंबर, तेच. वीसच्या वीस खोल्या त्यांनी चिखल तुडवत बघितल्या. वीसही बाथरूममध्ये दोन-दोन टॉवेल जागच्या जागी. त्या मजल्यावर एकाही बाथरूममध्ये कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

छोटी मागच्या अंगणात ट्रॉलीला टेकून उभी होती. बाईंनी आवाज चढवला नाही, तेच जास्त भयंकर होतं.

"टॉवेल कुठून घेतलेस?"

छोटीनं ट्रॉलीकडं बघितलं आणि रडायला लागली. "ट्रॉलीवरून. आम्ही घड्याच घेऊन निघतो, मावशी. सगळे मजले तसंच करतात. मी आले तेव्हापासून बघतेय. मॅनेजरसाहेबांनीच तसं बसवून दिलंय. आठ मिनिटांत वीस बाथरूम होत नाहीत गं, मरून गेलं तरी होत नाहीत. मी दारातून हाक मारली होती. खरंच मारली होती. कुणी ओ दिली नाही, म्हणून..."

"मला का नाही सांगितलंस? एका घरात राहतो आपण. पाच वर्षं!"

"तू ऐकलं नसतंस."

"मी त्या बाईचा हात धरून ठेवला," टॉवेलबाई म्हणाल्या. "तुझ्या टॉवेलावर विश्वास ठेवून धरून ठेवला. तुझ्या!"

त्या दिवसापासून बाईंनी छोटीशी बोलणं टाकलं. छोटीनं स्वतःच आपली पेटी उचलली आणि हॉटेलाच्या मागं कामगारांच्या खोलीत राहायला गेली. तिचा फोन आला की बाई फोन उलटा करून ठेवायच्या. नवरा तो उचलायचा, बाहेर जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलायचा आणि परत येऊन मशीनवर बसायचा. एकदा त्यानं म्हणून बघितलं, "चुकलं पोरीचं. पण पोर आहे आपली."

"आपली?" बाई ताडकन म्हणाल्या. "परक्यानं केलं असतं ना, तर मी समजले असते. त्याला काय माहीत मी हा नियम कसा केला, कशासाठी केला! हिला मी त्या म्हातारीची गोष्ट सांगून झोपवलंय. माझ्याच घरात राहून, माझ्याच हातचं जेवून केसानं गळा कापला माझा. आणि माझा एकटीचा नाही. त्या माणसाचा काय गुन्हा होता? नाव काढू नका तिचं." नवऱ्यानं मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. चौकशी लागेपर्यंतच्या तीन महिन्यांत त्यानं एकही विनोद केला नाही.

त्याहून वाईट म्हणजे बाई उरलेल्या पंधरा हॉटेलांत जाऊन आल्या. न सांगता गेल्या आणि थेट ट्रॉल्या बघितल्या. अकरा हॉटेलांत ट्रॉलीच्या खालच्या फळीवर सरावाच्या टॉवेलांचा वेगळा गठ्ठा निघाला. एका ठिकाणी तर त्याला दोरी बांधून वर चिठ्ठी लावलेली, 'टॉवेलबाई आल्यावर'. कपड्यांचं कोठार सांभाळणारी जुनी बाई, जिच्याबरोबर यांनी दहा वर्षं चादरी बदलल्या होत्या, ती नजर चुकवून म्हणाली, "सगळीकडं असंच चालतं गं. तुला बरं वाटावं म्हणून कुणी बोललं नाही." बाई घरी आल्या त्या भिंतीकडं तोंड करून झोपल्या. आपण दारातून आत आलो की ही सगळी माणसं उठून उभी राहायची, आणि मागं आपली टिंगल करत होती, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. जगात एकही माणूस आपल्या शब्दाला जागला नाही, असं त्यांना वाटलं. राग एकीकडं, पण लाज त्याहून जास्त होती.

चौकशी लागली ती पर्यटन कार्यालयाच्या मोठ्या दालनात. लांब टेबलामागं तिघं. मध्ये अध्यक्षबाई, निवृत्त इंजिनियर, केस बारीक कापलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. समोर खुर्च्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत अकरा नंबरच्या काकू, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. त्यांना भरपाई वगैरे काही नको होतं, त्यांनी तसं लिहूनच दिलं होतं. त्यांना एकच विचारायचं होतं: खोली रिकामी आहे, हे कुणी ठरवलं? बाई त्यांच्यापासून चार खुर्च्या सोडून बसल्या. काकूंकडं बघायची त्यांची छाती झाली नाही.

आधी मॅनेजर बोलला. हॉटेलानं पुस्तिकेप्रमाणं सगळं केलं, प्रत्येक सरावाची नोंद आहे, मजला ज्यांच्याकडं होता त्यांना विचारा. गोड, गुळगुळीत, कुठं बोट ठेवायला जागा नाही. बसताना त्यानं शर्टाची बाही सारखी केली.

मग छोटी. तीन महिन्यांत पोरगी वाळून कोळ झाली होती. बाईंना ते दिसलं, आणि दिसल्याचा त्यांना राग आला.

"ट्रॉलीवरचे टॉवेल लावायला तुम्हाला कुणी शिकवलं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

छोटी खाली बघत भराभरा बोलली, पाठ केल्यासारखी. "माझ्या मावशीनं. म्हणजे टॉवेलबाईंनी. त्या म्हणाल्या होत्या, घाई असेल तर ट्रॉलीवरचे घ्या, पाहुण्यांना खोळंबा नको."

दालनात कुजबुज झाली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खोटं! धडधडीत खोटं! तीन महिने ज्या पोरीचं नाव घेतलं नाही, तिनं आता चारचौघांत आपल्या तोंडाला काळं फासावं? त्या उभ्याच राहिल्या. "कधी म्हणाले मी असं? कधी?" एवढं त्या बोलल्या आणि ते वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं.

पाहुण्यांना खोळंबा नको.

हे शब्द त्यांचेच होते. आठ वर्षांपूर्वीचे. छोटी तेव्हा हॉटेलात नव्हतीच, शिकत होती. मोठ्या हॉटेलात बाईंच्या नियमाचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक होतं. कार्यालयाचे मोठे अधिकारी आणि त्यांचे बाहेरून आलेले पाहुणे दुपारी बघणार आणि पसंत पडलं तर पुस्तिका छापणार. सकाळी बाईंनी रंगीत तालीम घेतली. तळमजल्याला चौदा मिनिटं लागली. पुन्हा घेतली, साडेतेरा. बाहेर गाड्या येऊन उभ्या राहिल्या. एवढं रखडत चाललेलं बघून हे लोक घड्याळ बघत निघून जातील, बारा वर्षांची मेहनत पाण्यात जाईल, अशी बाईंना भीती वाटली. आणि त्यांनी मुलींना बाजूला घेऊन सांगितलं: आजच्या दिवस ट्रॉलीवरचे घ्या, पाहुण्यांना खोळंबा नको. सात मिनिटं आणि काही सेकंद लागले. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी जागच्या जागी ठरवलं, एका मजल्याला आठ मिनिटं, तेच लिहा. आणि बाईंनी ते लिहू दिलं. पुढं तर त्या विसरूनच गेल्या. आजच्या दिवसापुरतं होतं ना ते!

त्या दुपारी हातात घड्याळ धरून वेळ मोजायला स्वागतकक्षातला एक तरुण उभा होता. बाईंनी मान वळवून बघितलं. मॅनेजर त्यांच्याकडंच बघत होता. त्यानं नजर हलवली नाही.

आता बाईंना फक्त "नाही" म्हणायचं होतं. पोरगी खोटं बोलतेय, असं सगळं दालन मानायला बसलं होतं. मॅनेजर उघड बोलणार नव्हता, बोलला असता तर तोच आठ वर्षं हे जाणून होता असं निघालं असतं. एक "नाही", आणि सोळा हॉटेलांत टॉवेलबाई पुन्हा टॉवेलबाई. चार खुर्च्या पलीकडं काकू त्यांच्याकडं बघत होत्या. आता बाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"हो," बाई म्हणाल्या. "मी म्हणाले होते."

अध्यक्षबाईंनी पेन थांबवलं. "किती वेळा?"

"एकदा. पहिल्या प्रात्यक्षिकाला. आणि ती आठ मिनिटं त्या दिवसाचीच आहेत. बाथरूममध्ये जाऊन खरंखुरं बघितलं तर चौदा लागतात. मला माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही."

 काकू उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज शांत होता, बँकेत काहीतरी विचारावं तसा. "भोंगा वाजल्यापासून पाणी यायला किती वेळ लागला?"

अध्यक्षबाईंनी कागद बघितला. "बावीस मिनिटं."

"म्हणजे चौदा चालली असती."

"चालली असती," बाई म्हणाल्या.

"आणि मी खाली जाऊन आले असते तर?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. "तेवढा वेळ होता," त्या म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली आणि पर्स उचलून निघून गेल्या. एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेरच्या व्हरांड्यात बाई बाकावर बसल्या.  दार उघडलं आणि छोटी धावत आली, त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली आणि त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन हमसून हमसून रडायला लागली. "मावशी, माझ्यासाठी एवढं खोटं बोललीस! सगळ्यांसमोर! मी किती वाईट आहे गं. ते वाक्य मॅनेजरनं मला पाठ करून दिलं होतं. म्हणाला, असं सांग, नाहीतर तू एकटी अडकशील. मला जीभ तोडून टाकावीशी वाटत होती तुझं नाव घेताना. आणि तू... तू मला वाचवलंस."

तिचे हात गरम होते. तीन महिन्यांत बाईंना कुणी असा हात लावला नव्हता. तसंच बसून राहावं, पोरीला रडू द्यावं, घरी न्यावं, असं त्यांना फार वाटलं. काही न बोलता ते जमलंही असतं.

"खोटं नव्हतं गं ते," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मी खरंच म्हणाले होते. तू यायच्या आधी. त्यानं ऐकलं होतं. तुला जे पाठ करून दिलं ते माझंच वाक्य आहे."

छोटीला कळायला वेळ लागला. तिचं रडणं हळूहळू थांबलं. ती मावशीच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि मग तिनं आपले हात काढून घेतले.

"मग तीन महिने माझ्याशी बोलली का नाहीस?" तिनं विचारलं.

 छोटी उठली, गुडघ्यांवरची धूळ झटकली आणि जिना उतरून गेली. बाई बाकावर बसून तिच्या पायांचे आवाज ऐकत राहिल्या.